काळ्या मसाल्याला काळी बिअर

देवपुरातल्या बिअर शॉपीच्या काउंटरवर बिअरच्या दोनच जाती चालतात, स्ट्राँग आणि माइल्ड. कंपनीचं नाव त्यानंतर, टिन की बाटली हे त्याच्याही नंतर. रंगाचा प्रश्न निघतच नाही. बिअर पिवळीच असते हे गृहीत आहे. आग्रा रोडवरच्या एका दुकानात मी काळी बिअर आहे का, असं विचारलं, तेव्हा दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "स्ट्राँग शे, माइल्ड शे. काळी नही." मागे उभ्या गिऱ्हाइकाला माझी दया आली असावी. त्याने अर्धी बाटली कोल्ड्रिंक मिसळून घ्यायचा सल्ला दिला. रंग येईल म्हणाला, आणि तोंडालाही बरी लागेल.

पांझरेपलीकडचं देवपूर म्हणजे धुळ्याचं शिकतं-शिकवतं उपनगर. कॉलेजं, क्लासेस, दत्तमंदिर चौकातली संध्याकाळची गर्दी, नदीकाठी एकवीरा देवीचं देऊळ आणि नगावबारीकडे निघालं की जेवणाच्या पाट्या. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरहून येणारा असे तीन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना भेटतात. त्यामुळे इथे जेवणाची ठिकाणं भरपूर, आणि त्यांच्या ताटांत एक ठाम चव आहे: शेवभाजी, काळ्या मसाल्याचं मटण, थंडीत भरीत, सोबत कळण्याची भाकरी. परमिट रूममध्ये याच ताटाशेजारी दातांना कळ लागेल इतकी गार स्ट्राँग बिअर येते. तिखट विझवायला, असं सगळे म्हणतात. माझं म्हणणं असं, की ती विझवत नाही, उलट भडकवते. या जेवणाच्या जोडीची बिअर दुसरीच आहे आणि ती नेमकी इथे मिळत नाही.

काळी बिअर काळी कशाने होते, ते आधी पाहू. बार्लीला मोड आणायचे, ते वेळीच थांबवून धान्य वाळवायचं. याला माल्ट म्हणतात. माल्ट गरम पाण्यात भिजवला की त्यातल्या पिठाची साखर होते. त्या गोड पाण्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं उकळायची, थंड करायचं आणि यीस्टच्या हवाली करायचं. माल्ट मंद आचेवर वाळवला तर बिअर पिवळी. तोच तांबूस होईपर्यंत भाजला तर तपकिरी. कॉफीच्या दाण्यासारखा काळा केला तर काळी. गंमत म्हणजे काळ्याकुट्ट स्टाउटमध्येही बहुतेक धान्य पिवळंच असतं. काळं धान्य शंभरात पाच-दहा भाग, तेवढ्याने अख्खा हंडा काळा होतो.

ही युक्ती लंडनची, आणि तिला तारीख आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये पोर्टर नावाची तपकिरी बिअर हमाल लोक पीत, नावही त्यांचंच. तेव्हा ती सगळीच्या सगळी तपकिरी माल्टची असे. तो माल्ट धुराचा, महाग पडणारा आणि साखर कमी देणारा. १८१७ साली डॅनिएल व्हीलर नावाच्या माणसाने माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. धान्य दोनशे अंश सेल्सिअसच्या वर नेऊन न पेटवता काळं करता येऊ लागलं. मग बिअरवाल्यांनी स्वस्त, पिवळा माल्ट मुख्य ठेवला आणि रंगा-चवीपुरता काळा घातला. आजची पोर्टर आणि स्टाउट त्या पिंपातून निघाली आहे.

खान्देशातल्या कुठल्याही घरी काळा मसाला होताना ज्याने पाहिला आहे, त्याला हे नवीन वाटणार नाही. सुकं खोबरं भाजून काळपट करायचं, कांदा निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळावर सालासकट भाजायचा, मग खडा मसाला. रश्श्याचा काळा रंग मसाल्याच्या ढिगातून येत नाही, भाजणीतून येतो. भाजताना धान्यातली किंवा खोबऱ्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांत मिसळून शेकडो नवे वास तयार होतात. लुई-कामीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं. पावाची कड, कॉफी, भाजलेले शेंगदाणे, भाकरीचे काळे डाग, काळा मसाला आणि काळा माल्ट ही सगळी त्याच एका क्रियेची मंडळी. म्हणून काळी बिअर आणि खान्देशी रस्सा यांचं जुळतं, तेव्हा त्यात योगायोग नसतो.

दोन गैरसमज वाटेतच निपटून टाकू. पहिला, काळी म्हणजे कडक. डब्लिनची गिनीज ही जगातली सर्वांत माहीत असलेली काळी बिअर. तिच्या ड्राफ्ट प्रकारात अल्कोहोल ४.२ टक्क्यांच्या आसपास असतं. आपल्याकडची पिवळीजर्द स्ट्राँग बिअर सहा ते आठ टक्के असते. म्हणजे रंगाला घाबरून जो पिवळी घेतो, तो अधिक कडक पीत असतो. रंगाचा अल्कोहोलशी संबंध नाही. तो भाजणीशी आहे. दुसरा गैरसमज, काळी बिअर रक्तवाढीला चांगली. त्यात लोह असतं म्हणतात. असतं, पण नावाला. रक्तवाढीसाठी मूठभर शेंगदाणे आणि गूळ कितीतरी बरा. १९२९ पासून गिनीजने 'तब्येतीला चांगली' अशी जाहिरात वर्षानुवर्षं केली, त्याचा हा लांबलेला पडसाद. जाहिरात उत्तम होती, वैद्यक कच्चं होतं. यात आपल्याला हसायचं कारण नाही. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली आजही आपल्याकडे परवाना लागतो, आणि तो काढताना माणूस आरोग्य टिकवण्यासाठी पितो, असंच कागदावर मानलं जातं.

काळी बिअर महाराष्ट्राला अगदी अनोळखी होती असंही नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. त्या काळात ईस्ट इंडिया कंपनी आपल्या गोऱ्या सैनिकांसाठी लंडनहून पिंपंच्या पिंपं बिअर मागवत असे, आणि सैनिकांची बिअर म्हणजे पोर्टर. इंडिया पेल एल ही हिंदुस्थानसाठी खास बनलेली फिकट बिअर आज फार गाजते, पण ती साहेबाच्या टेबलावरची. साध्या शिपायाच्या कँटीनमध्ये काळी चाले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून ती मुंबई बंदरात उतरत असे.

मग ती गेली कुठे? १८४२ साली बोहेमियातल्या पिल्सेन गावात सोनेरी, पारदर्शक लागर बिअर जन्मली. काचेचे पेले स्वस्त झाले, त्यात सोनेरी रंग खुलून दिसे. १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडेची शीतयंत्रं आली आणि कुठल्याही हवामानात थंड लागर करता येऊ लागली. आपल्यासारख्या उकाड्याच्या देशाने गार, पिवळी, हलकी बिअर उचलली. पुढे त्या पिवळीत अल्कोहोल वाढवलं गेलं आणि आपली 'स्ट्राँग' तयार झाली. मुंबई राज्यात तर १९५० पासून काही वर्षं पूर्ण दारूबंदीच होती. बंदी सैल झाल्यावर जे पिणं परत आलं, ते चवीचं नव्हतं, चढण्याचं होतं. बाजारही त्याच हिशोबाने उभा राहिला.

महाराष्ट्रात चवीची बिअर परतली ती २००९ साली, पुण्यात. डूलाली ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी. नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेलं आहे. तिथल्या छावणीत जहाजाची वाट पाहून वेड लागलेल्या गोऱ्या सोजिरांची आठवण त्यात आहे. त्यानंतर पुण्यात इंडिपेंडन्स, ग्रेट स्टेट अशी ठिकाणं निघाली, मुंबईत गेटवे. यांच्या फळ्यावर गव्हाची, फळांची, आंबट अशा नाना तऱ्हांच्या बिअर असतात आणि हिवाळ्यात एखादी पोर्टर किंवा स्टाउट हमखास. बाटलीबंद काळीमध्ये छत्तीसगडच्या सिम्बाची स्टाउट मोठ्या शहरांत दिसते. धुळ्यातून पूर्वेला जाणारा सुरत-नागपूर रस्ता पुढे दुर्ग-रायपूरलाच जातो. म्हणजे काळी बिअर देवपूरच्या रस्त्यावरच आहे म्हणायची, फक्त फार पुढे.

चव घेऊन पाहायची तर ऋतू निवडावा लागतो. वांगं चातुर्मासात वर्ज्य. ते सुटतं मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. त्यानंतरचे दोन महिने म्हणजे खान्देशात भरिताचे दिवस. आमची बैठक अशाच एका रात्री देवपुरात वहिनींच्या गच्चीवर भरली. पुण्याच्या एका मायक्रोब्रुअरीतून भावाने मोठ्या बाटलीत भरून आणलेली पोर्टर, मुंबईहून आलेली बाटलीबंद स्टाउट, आणि तुलनेला कोपऱ्यावरच्या शॉपीतली स्ट्राँग. ताजी बिअर गाळलेली-तापवलेली नसते, तिला थंड ठेवून दोन-चार दिवसांत संपवावी लागते. भाऊ तिला आईस बॉक्समध्ये घालून सप्तशृंगीच्या प्रसादासारखी मांडीवर घेऊन आला.

फ्रीजची गरज पडली नाही. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात नोंदलं जाणारं तापमान डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या नीचांकांत असतं, कधी सहा-सात अंशांपर्यंत उतरतं. काळी बिअर दातांना कळ लागेल इतकी गार प्यायची नसते. आठ ते बारा अंशांच्या मध्ये ती बोलू लागते, त्याखाली मुकी असते. भाजणीचा वास थंडीत दबतो आणि नुसता कडूपणा उरतो. ज्यांनी काळी बिअर एकदा चाखून नाक मुरडलं आहे, त्यांतल्या बऱ्याच जणांना ती बर्फातून काढून दिलेली असते. पेले आम्ही चहाचे कटिंगवाले घेतले. चव घ्यायला एवढंसंच पुरतं, आणि काच असल्याने उजेडासमोर धरता येतं. पोर्टर उजेडात काळी नव्हतीच. कडेला गडद तांबडी, जुन्या गुळाच्या पाकासारखी. स्टाउटमधून मात्र गच्चीवरचा बल्ब दिसेना.

वहिनी पीत नाहीत, पण वासाला त्यांचं नाक घरात अंतिम मानलं जातं. त्यांनी पोर्टर हुंगली आणि म्हणाल्या, "बिस्किटाच्या भट्टीवरून गेलं की येतो, तसा वास आहे." स्टाउटचा पेला नाकाजवळ नेला आणि लगेच खाली ठेवला. "एवढं काळं खोबरं झालं ना माझ्या हातून, तर मी टाकून देते. सगळा रस्सा कडू होतो."

पुस्तकांतून जे मला नीट कळलं नव्हतं, ते त्या एका वाक्यात होतं. काळ्या बिअरीतही खरपूस आणि करपलेली अशी सीमा आहे. नव्या माणसाने खरपूस बाजूने सुरुवात करावी. म्युनिकची डुंकेल, बाड कोस्ट्रिट्झची श्वार्झबिअर, इंग्रजी ब्राउन एल, साधी पोर्टर या त्या बाजूच्या. यांत पावाची कड, सुका मेवा, थोडं चॉकलेट जाणवतं. कडूपणा मागे राहतो. मोड न आणलेली, भाजलेली बार्ली घातलेली आयरिश धाटणीची स्टाउट ही सीमेवरची. कोऱ्या कॉफीची सवय असेल तर आवडते. आणि त्यापलीकडे आठ-दहा टक्क्यांच्या, डांबरासारख्या दाट इंपीरियल स्टाउट आहेत. त्या पहिल्या दिवशी घेऊ नयेत. ओट घातलेली स्टाउट जिभेवर मऊ लागते. दुधाची साखर घातलेली मिल्क स्टाउट गोड राहते, कारण बिअरच्या यीस्टला ती साखर पचत नाही.

भरीत तोवर खाली तयार होत होतं. जळगावचं भरिताचं वांगं हिरवं, लांबोडकं, बियांनी कमी आणि तेलकट मऊ गराचं. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. यावल तालुक्यातल्या बामणोदच्या वांग्यांचं नाव काढलं की लेवा पाटीदार माणूस बोलायचा थांबत नाही. वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, हे भरिताचं मर्म. गॅसवर भाजलेल्याला भरीत म्हणायला इथले लोक तयार नसतात. भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी बडजीत ते ठेचायचं, वरून पातीचा कांदा, कोथिंबीर, शेंगदाणे आणि तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी: ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळलेली, करड्या रंगाची, किंचित कडवट, पोटाला जड.

पहिला घास आणि पाठोपाठ पोर्टरचा घोट. भरीत धुराचं आहे, पण त्यातला धूर तेलात मुरलेला, मऊ. पोर्टरची भाजणी कोरडी. दोन्ही एकमेकांवर चढत नाहीत, एकमेकांत मिसळतात. मग जीभ वांग्याच्या गोडीकडे वळते, जी एरवी मिरचीखाली झाकलेली असते. कळण्याच्या भाकरीतल्या उडदाचा कडवटपणा पोर्टरच्या कडवटपणाशी इतका जुळला, की भाऊ नुसती भाकरी आणि पोर्टर घेऊन बसला. मला विचाराल तर त्या रात्रीचा निकाल तिथेच लागला होता. पुढचं सगळं तपशिलाचं. स्ट्राँग बिअर भरिताबरोबर घेतली तर दोन्ही चवी बिघडतात. भरीत कडू लागतं आणि बिअर गोडसर पाण्यासारखी.

असं का, याला कारण आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या एका ग्राहीला (रिसेप्टरला) चेतवतं. म्हणून तिखट 'लागतं' ते भाजल्यासारखं. तो ग्राही एरवी साधारण ४२ अंशांना जागा होतो. अल्कोहोलच्या सान्निध्यात तो कितीतरी खालच्या तापमानाला, शरीराच्या साध्या उष्णतेलाच जागा होतो, असं २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे अल्कोहोल जितकं जास्त, तितका ठेचा जास्त झोंबणार. बिअरमधला वायू जिभेला टोचतो, त्याची भर वेगळी. कॅप्सेसिन अल्कोहोलमध्ये विरघळतं हे खरं, पण चार-आठ टक्क्यांत ते धुऊन निघत नाही. उलट दुधातलं केसीन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून उचलतं. ताक आणि दही शतकानुशतकं हेच काम करत आले आहेत. मिल्क स्टाउटवाल्यांनी यावर हुरळून जाऊ नये, त्यांच्या बाटलीत दुधाची साखर आहे, केसीन नाही. तरी तिखटाशी बिअर जोडायचीच असेल तर नियम सोपा: अल्कोहोल कमी, हॉप्सचा कडूपणा कमी, माल्टची गोडी जास्त. साडेचार-पाच टक्क्यांची डुंकेल किंवा ब्राउन एल या तिन्ही अटींत बसते. स्ट्राँग पहिल्याच अटीत नापास.

काळ्या मसाल्याच्या मटणाला म्हणूनच दोन प्रकारे पाहावं लागतं. घरचा रस्सा, ज्यात भाजणी पुढे आणि मिरची मागे असते, त्याला पोर्टर देखणी लागते. मटणाची चरबी ती जिभेवरून स्वच्छ करते आणि खोबऱ्याचा वास पुढे आणते. हॉटेलातला लाल तर्रीचा रस्सा मात्र नंदुरबारच्या मिरचीच्या जिवावर असतो. त्याच्यापुढे कुठलीच बिअर टिकत नाही. शेवभाजीचंही तेच. शेव तळलेली, रस्सा तिखट, वर तेलाचा थर. गच्चीवर आम्ही हट्टाने स्टाउट लावून पाहिली. कडू आणि तिखट एकमेकांना चिथावत राहिले. आमच्यासोबत बसलेल्या अप्पांनी निमूट ताकाचा तांब्या ओढला. शेवभाजीला ताक. यावर अपील नाही.

वरण-बट्टीला डुंकेलसारखी काळी लागर छान: तूप कापते आणि बट्टीच्या तांबूस पापुद्र्याशी तिचं नातं आहे. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांना तर कुठलीही खरपूस काळी बिअर चालते. चकण्याच्या डिशमधला तळलेला, मीठ माखलेला दाणा तेवढा नको. पातोडीचा रस्सा घरचा असेल तर पोर्टर. फौजदारी डाळीला नावाप्रमाणे वागू द्यावं, तिच्या वाटेला जाऊ नये.

आणि खापरावरचे मांडे, म्हणजे खान्देशी पुरणपोळी. ती सणाची, त्या ताटाशेजारी बाटली ठेवायला मी सांगणार नाही, कुणी ठेवूही नये. पण दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या मांड्याला सणाचं सोवळं नसतं. जेवणातलं गोड बिअरपेक्षा जास्त गोड असलं की बिअर कडूजहर लागते, हे इथे लक्षात ठेवायचं. कोरडी स्टाउट म्हणून बाद होते. ओटची किंवा दुधाच्या साखरेची स्टाउट पुरणातल्या गुळाबरोबर मात्र अशी बसते, की वेलदोड्याचा वास नाकात बराच वेळ राहतो. हे मला स्वतःला अनपेक्षित होतं.

खान्देशात दारूवर लिहायचं आणि फक्त चवीवर लिहायचं, हे खोटं ठरेल. १९३०च्या दशकात तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी भिल्लांना दारू-मांस सोडायला सांगितलं आणि हजारोंनी सोडलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्यात, जो तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, अंबरसिंग सुरतवंतींच्या पाठोपाठ श्रमिक संघटना उभी राहिली. त्यात भिल्ल बायकांनी दारूची मडकी फोडली, अड्डे बंद केले. मजुरी गुत्त्यात जाते आणि मार घरी येतो, हा त्यांचा हिशोब होता. गावातल्या वा वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी 'आडवी बाटली'ला मत दिलं तर दुकान बंद करायची तरतूद राज्यात आहे, ती अशा लढ्यांच्या वारशातली. १ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूविक्री बंद झाली, तेव्हा तीन महामार्गांच्या या गावाला त्याचा अर्थ चांगला कळला. नंतर शहरांच्या हद्दीत तो आदेश सैल झाला. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं, की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. जो पीत नाही त्याने काळी बिअर चांगली लागते म्हणून प्यायला लागावं, असा या लेखाचा सूर मुळीच नाही. जो पितोच, त्याच्याशी माझं बोलणं आहे: आठ टक्क्यांच्या तीन बाटल्यांऐवजी साडेचार टक्क्यांचा एक पेला जेवणाबरोबर, हा व्यवहार सगळ्या बाजूंनी फायद्याचा.

आता मागणीचं. काळी बिअर पुण्याहून मांडीवर आणावी लागते, हे फार दिवस चालू नये. पण तिचा कारखाना धुळ्यात काढा, असं मी म्हणणार नाही. एक लिटर बिअरला कारखान्यात तीन-चार लिटर किंवा त्याहून जास्त पाणी लागतं, आणि धुळेकराला नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे त्यालाच विचारा. २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला तिथल्या मद्य कारखान्यांचं पाणी निम्म्यावर आणावं लागलं होतं. बिअर संभाजीनगरजवळच्या वाळूजला बनते तिथेच बनो, औट्रम घाट उतरून येवो. धान्य मात्र आपलं जाऊ द्या, ज्वारी.

हे हवेतलं नाही. नायजेरियाने १९८८ साली बार्लीच्या माल्टची आयात बंद केली आणि तिथल्या बिअर कारखान्यांना ज्वारीकडे वळावं लागलं. गिनीज कंपनीनेही तिथली साडेसात टक्क्यांची काळी बिअर ज्वारीवर उभी केली. डब्लिनहून येतो तो फक्त भाजलेला काळा अर्क. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध स्टाउटची एक शाखा आपल्या भाकरीच्या धान्यावर चालली आहे. अडचणी आहेत. ज्वारीला बार्लीसारखं फोलपट नसतं, त्यामुळे गाळताना लगदा बसतो. तिचं पीठ फुलायला जास्त उष्णता लागते. मोडातली साखर करणारी द्रव्यं कमी पडतात, ती बाहेरून घालावी लागतात. फेसही कमी टिकतो. पण ज्वारी भाजली की काय होतं, हे खान्देशातल्या कुठल्याही चुलीला माहीत आहे. तापी खोऱ्यातली दादर ज्वारी रब्बीची, टपोरी, गोडसर. पावसात भिजून काळी पडलेली खरिपाची ज्वारी कुणी पुढे करील, तर तिला हात लावू नये. बुरशीचं काळेपण आणि भाजणीचं काळेपण यांची गल्लत बिअरीत लगेच उघडी पडते. धान्यापासून दारूच्या योजनेवर या राज्यात मोठा वाद झाला आहे आणि तो रास्त होता. माझी मागणी त्या प्रमाणाची नाही. एखाद्या मायक्रोब्रुअरीचा हिवाळ्यातला एक हंडा, शंभरात वीस-तीस भाग दादर, त्यातली थोडी खरपूस भाजलेली, चिमूट उडीद चालत असेल तर तोही, आणि अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आत. एवढंच.

पुण्यातल्या आणि संभाजीनगरच्या ब्रुअर मंडळींना माझी विनंती आहे, की चंपाषष्ठीनंतरच्या एखाद्या शनिवारी देवपुरात या. काड्यांवर भाजलेलं भरीत, कळण्याची भाकरी आणि वहिनींचं नाक, तिन्ही हजर असतील. येताना तुमची खरपूस पोर्टर आणा, करपलेली नको. बिअरसाठी वय एकवीस पूर्ण लागतं आणि परवाना लागतो, तो खिशात ठेवा. परतीच्या गाडीला न पिणारा ड्रायव्हर ठेवा. आग्रा रोडवर रात्री ट्रक थांबत नाहीत.